रानातला घुडखर आणि गावातले तट्टू : अश्वकुळाची ओळख व जोपासना

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, नांदगाव या भागांत पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसविण्याची पद्धत जुनी आहे. मेंढपाळाचा वाडा शेतात उतरतो तेव्हा सर्वांत आधी नजरेस पडते ते त्याचे तट्टू. पाठीवर पाल, भांडीकुंडी, धान्याचे गाठोडे, दोन-चार कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बसविलेले लहान मूल. एवढे ओझे घेऊन ते मुकाट चालते, रात्री बांधावरचे गवत खाते आणि सकाळी पुन्हा वाटेला लागते. या जनावराकडे आपण रोजच पाहतो, परंतु त्याचे शरीर, स्वभाव आणि गरजा यांविषयी गाय-म्हशीच्या मानाने आपली माहिती फार थोडी असते.

या तट्टाचे रानटी भाऊबंद आजही जगात आहेत. आफ्रिकेत झेब्रा आहे, मंगोलियात रानघोडा आहे आणि आपल्या नाशिकपासून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटरवर, गुजरातमधील कच्छच्या छोट्या रणात, घुडखर नावाचे रानगाढव आहे. या घुडखराची १९६९ मध्ये गणना झाली तेव्हा अवघी ३६२ जनावरे शिल्लक होती. २०२४ च्या गणनेत ती संख्या ७,६७२ भरली. याउलट गावातल्या जनावरांचे पाहा. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील घोडे व तट्टे सव्वासहा लाखांवरून ३.४ लाखांवर आली आणि गाढवे ३.२ लाखांवरून १.२ लाखांवर आली. रानातले गाढव वाढले आणि गावातले घटले, असा हा उलटा हिशेब आहे. तो समजून घेतला तर आपल्या दारातील घोडा, तट्टू व गाढव यांच्या जोपासनेसाठी बरेच काही शिकता येते.

अश्वकुळ म्हणजे काय?

खानदेशात व विदर्भात पिकांत शिरणाऱ्या नीलगायीला लोक रोही किंवा घोडरोज म्हणतात. नावात घोडा असला तरी तिचा घोड्याशी संबंध नाही. तिचा खूर दुभंगलेला असतो व ती रवंथ करते, म्हणजे ती गाय, शेळी व हरणांच्या बाजूची आहे. अश्वकुळातील प्रत्येक जनावराच्या पायाला एकच बोट व त्यावर एकच अखंड खूर असतो. त्यांचे दूरचे नातलग गेंडा व टापीर हे होत.

आज जगात अश्वकुळाच्या सात जाती मानल्या जातात : घोडा (यात मंगोलियाचा रानघोडा येतो), आफ्रिकी रानगाढव, आशियाई रानगाढव, तिबेट व लडाखकडील कियांग आणि झेब्र्याच्या तीन जाती, म्हणजे मैदानी झेब्रा, डोंगरी झेब्रा व ग्रेव्ही झेब्रा. आपले पाळीव गाढव आफ्रिकी रानगाढवापासून आलेले आहे. घुडखर हे आशियाई रानगाढव. म्हणून दोघे दिसायला जवळचे असले तरी गावातले गाढव घुडखराचा वंशज नव्हे.

ही सर्व जनावरे एकमेकांशी जुळू शकतात, पण त्यांची संतती बहुधा वांझ निघते. याचे कारण पेशीतील गुणसूत्रांच्या संख्येत आहे. पाळीव घोड्यात ६४, गाढवात ६२ गुणसूत्रे असतात. घोडी व गाढव यांच्यापासून होणाऱ्या खेचरात ती ६३ भरतात. ही विषम संख्या नीट विभागली जात नाही, म्हणून खेचराला पुढे प्रजा होत नाही. डोंगरी झेब्र्यात तर फक्त ३२ गुणसूत्रे असतात.

घुडखराची उंची साधारण चार फूट व वजन दोन ते अडीच क्विंटल असते. रंग वाळूसारखा पिंगट, पोट पांढुरके, आयाळ ताठ उभी आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गडद पट्टा असतो. पळताना ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेग तो गाठू शकतो.

पोट एक, काम निराळे

गाय व घोडा एकाच कडब्यावर जगतात, परंतु दोघांच्या पचनाची तऱ्हा वेगळी आहे. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. तेथे सूक्ष्म जीवाणू आधी चारा कुजवितात व मग तो पुढे जातो. घोड्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने लहान असते, सुमारे आठ ते पंधरा लिटरचे. चाऱ्यातील तंतू पचविण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यात, विशेषतः अंधनालात, होते. त्यामुळे चाऱ्यातील सत्त्व गाईइतके पूर्ण निघत नाही, पण चारा पोटातून लवकर पुढे सरकतो. म्हणून हलका, जाडाभरडा चारा भरपूर खाऊन अश्वकुळातील जनावर तग धरते. गाईला मात्र असा चारा फार वेळ रवंथ करावा लागतो व तिचे खाणे तेथेच अडते. आफ्रिकेच्या कुरणांत झेब्रे उंच वाळलेले गवत आधी खातात आणि मागाहून येणाऱ्या हरणांना खालचा कोवळा पाला मिळतो, तो यामुळेच. घुडखर रणातील बेटांवरचे गवत खातो आणि उन्हाळ्यात वेड्या बाभळीच्या शेंगांवरही दिवस काढतो.

या रचनेतून पशुपालकाला तीन गोष्टी लक्षात ठेवावयाच्या आहेत. पहिली, रानातला घोडा किंवा गाढव दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ थोडे थोडे खात असते. आपण मात्र सकाळ-संध्याकाळ दोनदा चंदीची पाटी समोर ठेवतो आणि मधल्या वेळी जनावर रिकामे उभे राहते. लहान जठरात एकदम दाणा पडला की पोटशूळ उठतो. दुसरी, घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते बाहेर काढण्याचा मार्ग त्याला नाही, म्हणून बुरशी आलेला कडबा किंवा आंबलेला दाणा त्याच्या जिवावर बेततो. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोंबड्यांच्या व काही वेळा गाई-म्हशींच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, पण घोड्याच्या हृदयाला ते घातक ठरते व थोड्या मात्रेनेही मृत्यू येऊ शकतो. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन मोठे आहे. शेडमधील उरलेले खाद्य "वाया जाण्यापेक्षा घोड्याला टाकू" असा विचार कोणीही करू नये.

दातांवरून वय

गवतात वाळूचे कण असतात. ते आयुष्यभर चावण्यासाठी अश्वकुळाचे दात उंच असतात व झिजतील तसे हिरडीतून वर सरकतात. या झिजेवरून व दात बदलण्यावरून वय ओळखण्याची विद्या आपल्या बाजारांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. जेजुरीस पौष पौर्णिमेला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात दुवान, चौवान, अखंड हे शब्द कानी पडतात. त्यांचा अर्थ शास्त्राशी नेमका जुळतो. साधारण अडीच वर्षांचे झाल्यावर पुढच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी पडून कायमची जोडी येते, साडेतीन वर्षांनी तिच्या शेजारची आणि साडेचार वर्षांनी कडेची. पाच वर्षांचे जनावर पूर्ण दातांचे होते. यानंतर दातांच्या पृष्ठभागावरील खळगे किती बुजले यावरून अंदाज बांधतात आणि तो वय वाढेल तसा ढोबळ होत जातो. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जनावर घेताना एवढे तपासण्याची सवय ठेवली तर फसगत टळते.

म्हाताऱ्या जनावराच्या दाढांना बाहेरून धार येते व गाल, जीभ कापली जाते. तोंडातून अर्धवट चावलेले गवताचे बोळे पडू लागले किंवा लिदीत अख्खे दाणे दिसू लागले तर पशुवैद्यकाकडून दाढा कानशीने घासून घ्याव्यात.

कळपाचा कारभार

रानटी अश्वकुळात कळप दोन प्रकारचे आढळतात आणि हा फरक पाण्या-गवतावर अवलंबून आहे. जेथे चारा-पाणी सर्वत्र व बऱ्यापैकी आहे तेथे घोडा, मैदानी झेब्रा व डोंगरी झेब्रा कुटुंब करून राहतात. एक नर, काही माद्या व त्यांची शिंगरे असा हा कायमचा संसार असतो. नर मागून राखण करतो, पण वाट बहुधा एखादी जाणती मादी दाखविते. तरुण नर वेगळे टोळके करून फिरतात.

जेथे पाणी विरळ आहे तेथे असे कुटुंब टिकत नाही. घुडखर व ग्रेव्ही झेब्रा यांचे नर पाण्याजवळचा किंवा चाऱ्याचा एखादा टापू धरून बसतात व दुसऱ्या नराला माजावरील मादीजवळ येऊ देत नाहीत. माद्या व शिंगरे आज या टोळीत तर उद्या त्या टोळीत अशी मोकळी फिरतात. पाणी आटले की रानगाढवे नदी-नाल्याच्या वाळूत खुरांनी खड्डे खणून पाणी काढतात. अमेरिकेच्या वाळवंटात मोकाट गाढवांनी असे खणलेले झरे इतर अनेक प्राणी-पक्षी वापरतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

हा स्वभाव पाळीव जनावरातही कायम आहे. घोडा कळपाचे जनावर असल्याने एकटा बांधलेला घोडा अस्वस्थ होतो, दावणीचे लाकूड कुरतडतो, डुलत राहतो. सोबतीला दुसरा घोडा नसेल तर शेळी किंवा गाढवही चालते. गाढवाचा स्वभाव मात्र निराळा आहे. घोडा भ्याला की पळतो, गाढव भ्याले की जागीच उभे राहते व धोका पारखते. आपण त्याला हट्टी म्हणून बडवितो. वस्तुतः टापू धरून राहणाऱ्या रानगाढवाची ही वारशाने आलेली रीत आहे. अशा वेळी मारण्यापेक्षा थोडे थांबून, पुढे चालून दाखविले तर ते लवकर पाऊल उचलते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते, पण थेट शेपटीमागचे व कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नये. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जावे. कान मागे चपटे झाले की जनावर रागावले आहे असे समजावे.

गाभण काळ घोडीत सुमारे ११ महिने, गाढवीत सुमारे १२ महिने व ग्रेव्ही झेब्र्यात त्याहूनही सुमारे महिनाभर अधिक असतो. शिंगरू बहुधा एकच होते आणि तासा-दोन तासांत उभे राहते. रानात लांडगा किंवा सिंह जवळ असेल तर उठण्यास उशीर परवडत नाही. शिंगराला रोगप्रतिकारक शक्ती आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते आणि चिकातील ही शक्ती आतड्यातून शोषली जाण्याची मुदत पहिल्या दिवसापुरतीच असते. म्हणून जन्मल्यावर दोन-तीन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत शिंगराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे.

झेब्र्याचे पट्टे आणि चावणाऱ्या माश्या

१६२१ मध्ये जहांगीर बादशहाला एक झेब्रा नजर करण्यात आला. हे पट्टे कोणी रंगविले असावेत अशी शंका त्याला आली, म्हणून त्याने ते नीट तपासून पाहिले. ते निसर्गाचेच होते. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्या झेब्र्याचे चित्र आजही उपलब्ध आहे. पट्टे कशासाठी, हा प्रश्न मात्र त्यानंतर चारशे वर्षे रेंगाळला. अलीकडच्या प्रयोगांतून मिळालेले उत्तर गोठ्याच्या कामाचे आहे. घोड्यांना पट्ट्यांची, काळी व पांढरी अशा झुली घालून पाहिले तेव्हा पट्ट्यांच्या झुलीवर चावणाऱ्या माश्या फार कमी बसल्या. डोके उघडे होते, तेथे मात्र फरक पडला नाही. हा अभ्यास २०१९ चा. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे काढले असता चावणाऱ्या माश्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली.

या माश्यांचा त्रास नुसता अंग खाजविण्यापुरता नसतो. टॅबॅनस जातीच्या मोठ्या गोमाश्या सर्रा रोगाचा प्रसार करतात. हा रोग ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातील सूक्ष्म जंतूमुळे होतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने तेव्हाच्या हिंदुस्थानातील डेरा इस्माईल खान येथे आजारी घोडे व उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. पावसाळ्यात व त्यानंतर माश्या वाढल्या की सर्रा बळावतो. ताप येऊन जातो व पुन्हा येतो, जनावर खात असूनही खंगते, पाय व पोटाखाली सूज येते, डोळ्यांची आतली त्वचा फिकी पडते व शेवटी चाल लटपटते. घोडा व उंट यांना रोग तीव्र होतो. गाई-म्हशींत मात्र तो पुष्कळदा लपून राहतो, म्हणजे निरोगी दिसणारी म्हैस शेजारच्या घोडीला रोग देऊ शकते. रक्ताची काच तपासून निदान होते व वेळेवर औषध दिल्यास जनावर वाचते.

घुडखर वाचला कसा?

एके काळी घुडखर वायव्य भारतापासून सिंध, बलुचिस्तानपर्यंत पसरलेला होता. हळूहळू तो कच्छच्या रणापुरता उरला. १९४६ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी त्याची संख्या तीन ते पाच हजार असावी असा अंदाज केला होता. १९६२ मध्ये ती ८७० च्या आसपास आढळली आणि १९६९ मध्ये ३६२. वीस-बावीस वर्षांत एवढी घट शिकारीने झाली नाही. १९५८ ते १९६० या काळात सर्ऱ्याची आणि पाठोपाठ आफ्रिकी अश्वज्वराची साथ आली. हा अश्वज्वर सूक्ष्म डासांसारख्या कीटकांमुळे पसरतो. १९५९ ते १९६१ दरम्यान तो मध्यपूर्वेतून पाकिस्तान व भारतापर्यंत आला आणि या प्रदेशात तीन लाखांवर घोडे, गाढवे व खेचरे दगावली. गावातल्या जनावरांत आलेली साथ रणातल्या जनावरांपर्यंत पोचली. रानातला प्राणी आणि गावातला प्राणी एकाच रोगाचे धनी असतात, हे या एका उदाहरणावरून पुरते ध्यानात येते.

पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुडखराला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि १९७३ मध्ये छोट्या रणाचा ४,९५३ चौरस किलोमीटरचा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. १९७६ मध्ये संख्या ७२० झाली, १९९९ मध्ये २,८३९, २०१४ मध्ये ४,४५१, २०२० मध्ये ६,०८२ आणि २०२४ मध्ये ७,६७२.

या वाढीत कायद्याइतकाच वाटा रणाकाठच्या शेतकऱ्याच्या सहनशीलतेचा आहे. संख्या वाढली तशी घुडखरे अभयारण्याबाहेर पडली. रात्री ती जिरे, बाजरी, कपाशीच्या शेतांत शिरतात व पहाटे रणात परततात. नुकसान होते व तक्रारीही होतात. रात्र-रात्र राखण करणाऱ्या शेतकऱ्याला वन्यप्राण्याचे कौतुक ऐकवून भागत नाही, त्याला कुंपणासाठी मदत व वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे. रोही व रानडुकरांनी त्रासलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

धोका अजून पुरता टळलेला नाही. घुडखराची ही सगळी संपत्ती एकाच रणात व त्याच्या आसपास आहे. उद्या मोठी साथ आली तर दुसरीकडे बियाणे शिल्लक नाही. मंगोलियाच्या रानघोड्याचे असेच झाले होते. १९६९ नंतर तो रानात दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जेमतेम डझन-दीड डझन जनावरांपासून वंश वाढवून १९९२ पासून तो पुन्हा मायदेशी सोडण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील क्वागा या झेब्र्याच्या प्रकाराला मात्र ही संधी मिळाली नाही. त्याची शेवटची मादी १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, आणि ती शेवटची होती हे त्या वेळी कोणाच्या लक्षातही आले नाही.

आपल्या दारातील वारसा

आता गावाकडे वळू. भीमा नदीच्या खोऱ्यात वाढलेले भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजांच्या धावपळीच्या युद्धात उपयोगी पडले. महाराष्ट्राच्या राज्यगीतातही त्याचा उल्लेख आहे. मध्यम बांधा, कणखर खूर, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारण्याची ताकद हे त्याचे गुण. संस्थाने गेली, मोटारी आल्या, तरी ते टिकले ते धनगर मेंढपाळांमुळे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया व कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीत ती आता बसली आहे.

नोंद झाली म्हणून जात वाचत नाही. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, वाळू व माती वाहण्यास यंत्रे आली, मेंढपाळांची चराऊ रानेही आक्रसली. लग्नाच्या वरातीसाठी लोक उंच मारवाडी किंवा काठियावाडी घोडी मागतात, म्हणून गावठी घोडीला बाहेरचा नर दाखविला जातो. दोन-तीन पिढ्यांत मूळ गुण पुसले जातात. क्वागाप्रमाणे हे नुकसानही गाजावाजा न करता होते.

पशुपालकांनी काय करावे?

१) दाणा एका वेळी थोडा व दोन-तीन वेळा विभागून द्यावा. मधल्या वेळेत कडबा किंवा वाळले गवत समोर असू द्यावे. खाद्यातील बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. स्वच्छ पाणी कायम ठेवावे.

२) कोंबड्यांचे खाद्य घोडा, तट्टू, गाढव व खेचर यांना कदापि देऊ नये. पोत्यांची साठवण वेगळ्या खोलीत करावी.

३) पोटशूळाची लक्षणे, म्हणजे पोटाकडे वळून पाहणे, पाय आपटणे, लोळणे, घाम सुटणे, दिसताच खाद्य बंद करून पशुवैद्यकास बोलवावे. घरगुती काढा तोंडाने ओतू नये, तो फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

४) धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. खुरात खिळा रुतणे ही साधी गोष्ट नव्हे. रोग झाल्यावर धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

५) पावसाळ्यात गोठ्याजवळ शेणाचे ढीग व साचलेले पाणी ठेवू नये. पट्ट्यापट्ट्यांची पातळ झूल घालून पाहण्यास हरकत नाही. जनावराच्या अंगाला घरचा तैलरंग मात्र लावू नये. वारंवार ताप येणाऱ्या जनावराचे रक्त सर्ऱ्यासाठी तपासून घ्यावे.

६) नाकातून चिकट पिवळसर स्राव, अंगावर ओळीने उठणाऱ्या गाठी व फुटणारे व्रण ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. २००६ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. हा रोग माणसालाही होतो व जनावरात त्यावर उपचार केला जात नाही. कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. जनावर वेगळे बांधावे, उघड्या हाताने हाताळू नये व ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. लपवून बाजारात विकणे म्हणजे साऱ्या बाजाराला रोग वाटणे होय.

७) बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. पाण्याचे भांडे, लगाम व खराऱ्याचा ब्रश वेगळा ठेवावा.

८) चांगली गावठी घोडी असेल तर तिला त्याच जातीचा, पण नात्यातला नसलेला नर दाखवावा. बाप-लेक, भाऊ-बहीण असा संकर टाळावा. एकाच नराचा वापर गावभर वर्षानुवर्षे करू नये. शिंगराची जन्मतारीख, आई व बाप वहीत लिहून ठेवावेत.

९) दर आठवड्याला खूर साफ करून पाहावे व दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावे. पाठीवर जखम असताना खोगीर किंवा ओझे ठेवू नये.

समारोप

घुडखराची संख्या साडेतीनशेवरून साडेसात हजारांवर गेली. त्यामागे एकच एक चमत्कार नव्हता. साथ ओसरली, शिकार थांबली, जागा राखली गेली आणि काठच्या माणसाने कुरकुरत का होईना, पण त्याला राहू दिले. गावातल्या तट्टाला व गाढवाला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्यांचे काम संपले असे धरून आपण त्यांच्याकडे पाठ फिरविली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या खेपेस शेतात मेंढपाळाचा वाडा उतरेल तेव्हा त्याच्या तट्टाजवळ घटकाभर थांबा. दात पाहा, खूर पाहा, शिंगरू असेल तर ते कोणत्या नराचे हे विचारा. पाठीवर जखम दिसली किंवा अंगावर ताप वाटला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता त्या मेंढपाळाला दाखवा. तो परक्या गावचा असतो, त्याला कोणाला विचारावे हे ठाऊक नसते. आपल्या शिवारात एक जनावर वेळेवर तपासले गेले तर पुढच्या दहा गावांतील जनावरे वाचतात, कारण ते तट्टू उद्या त्याच वाटेने जाणार असते.